रेवसच्या खाडीसाठी १९ फुटी की २९ फुटी? एका कुटुंबाच्या मोटरबोट-निवडीचे प्रकरण

अलिबाग तालुक्यात, रेवसच्या बाजूला, धरमतरच्या खाडीलगतच्या एका गावात ठाण्याच्या एका डॉक्टर दांपत्याचे वडिलोपार्जित घर आहे. दोघांचेही वय पन्नाशीच्या आसपास, मुलगा १९ वर्षांचा, मुलगी १५ वर्षांची आणि डॉक्टरांच्या आई ७६ वर्षांच्या. घरापासून खाडीचा दगडी धक्का चालत सात-आठ मिनिटांवर आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःची मोटरबोट घेण्याचे ठरवले आणि निवड करण्यापूर्वी दोन्ही पर्यायांची पाहणी करून मत द्यावे, म्हणून मला बोलावले. आऊटबोर्ड इंजिनांची दुरुस्ती आणि नौकांची पाहणी हे माझे गेल्या बावीस वर्षांचे काम आहे, आणि लहान की मोठी हा प्रश्न दर मोसमात मला कोणी ना कोणी विचारतोच. हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की यात नवरा-बायकोची मते दोनदा उलटीपालटी झाली, माझा स्वतःचा एक अंदाज चुकला आणि शेवटी जो मुद्दा निर्णायक ठरला तो सुरुवातीच्या चर्चेत कोणाच्याही तोंडी नव्हता.

त्यांच्यापुढे दोन बोटी होत्या. पहिली १९ फुटी, पुढून उघडी, ११५ अश्वशक्तीचे एक पेट्रोल इंजिन असलेली. इंजिन, इंधन आणि सामान धरून तिचे वजन साधारण १,२०० किलो. दुसरी २९ फुटी, २०० अश्वशक्तीची दोन इंजिने, पुढे झोपण्यापुरती छोटी केबिन आणि आत शौचालय. भरलेल्या अवस्थेत तिचे वजन ३,८०० किलोच्या घरात. लांबी दीडपट, पण वजन तिपटीहून अधिक आणि किंमत जवळजवळ चौपट. बोटीची लांबी वाढते तशी रुंदी आणि खोलीही वाढते, त्यामुळे फुटांतला फरक ऐकताना जेवढा वाटतो त्यापेक्षा प्रत्यक्षात फार मोठा असतो, हे खरेदीदाराच्या लक्षात सहसा उशिरा येते. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून करमणुकीच्या नौकांवर ४० टक्के जीएसटी लागू झाला आहे, म्हणजे मूळ किमतीतला फरक करासह आणखी रुंदावतो.

पहिल्या बैठकीत डॉक्टरांना मोठी बोट हवी होती. त्यांचे म्हणणे सरळ होते: मुंबईहून मांडव्याला स्वतःच्या बोटीने यायचे, पाहुण्यांना घेऊन हिंडायचे, आणि आईंची जुनी इच्छा आहे ती पुरी करायची, म्हणजे त्यांना खांदेरीच्या वेताळदेवाच्या दर्शनाला न्यायचे. त्यांच्या पत्नीला लहान बोट पुरेशी वाटत होती. “अहो, वर्षातून तीन दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठी वर्षभर खलाशी सांभाळायचा का?” हा त्यांचा प्रश्न. मुलाला काहीही चालणार होते, फक्त लवकर हवे होते.

मी मत देण्याचे टाळले आणि त्यांना एक वही करायला सांगितली. मागच्या वर्षभरात गावाला किती वेळा आलात, प्रत्येक वेळी बरोबर कोण होते, किती तास मोकळे होते, एवढेच आठवून, फोनमधली छायाचित्रे पाहून लिहायचे. पंधरा दिवसांनी वही आली. वर्षभरात २६ फेऱ्या झाल्या होत्या आणि त्यांपैकी सात पावसाळ्यात, म्हणजे बोटीच्या दृष्टीने बाद. उरलेल्या १९ पैकी आई सहा वेळा बरोबर होत्या, दोन्ही मुले एकाच वेळी नऊ वेळा, आणि सहापेक्षा जास्त माणसे फक्त तीन वेळा: दिवाळीनंतरचा शनिवार-रविवार, नाताळ आणि मे महिन्यातले एक लग्न. बहुतेक फेऱ्यांना घरात चारच माणसे होती. डॉक्टर वही पाहून काही वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पण दादा, बोट असती तर जास्त माणसे आली असती.” हे खरे असू शकते. तरीही, जी माणसे अजून आलेली नाहीत त्यांच्या संख्येवर बोटीची लांबी ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी त्यांना तसेच सांगितले.

यानंतर माणसे बसण्याच्या क्षमतेचा मुद्दा निघाला आणि इथे बोटीवरची पाटी नीट वाचणे आवश्यक ठरले. युरोपीय नियमांप्रमाणे बांधलेल्या नौकांवर अ, ब, क, ड अशा धर्तीची वर्गवारी असते. त्यांतला दुसरा वर्ग बोफर्ट मापनातल्या (वाऱ्याचा जोर मोजण्याच्या श्रेणीतल्या) आठपर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि चार मीटरपर्यंतच्या लाटांसाठी, तिसरा वर्ग सहापर्यंतच्या वाऱ्यासाठी आणि दोन मीटरपर्यंतच्या लाटांसाठी, आणि चौथा वर्ग फक्त आडोशाच्या पाण्यासाठी असतो. लहान बोटीवर तिसरा वर्ग आणि सात माणसे असे लिहिलेले होते. मोठ्या बोटीवर मात्र दोन ओळी होत्या: तिसऱ्या वर्गात १२ माणसे, दुसऱ्या वर्गात आठ. विक्रेता १२ हा आकडा सांगत होता, आणि तो खोटा नव्हता. पण ज्या खवळलेल्या पाण्यासाठी मोठी बोट घ्यायची असे डॉक्टर म्हणत होते, त्या पाण्यात ती बोट आठच माणसांची होती. शिवाय अशी पाटी नव्या, कोऱ्या बोटीची आणि जाणत्या चालकाची गोष्ट सांगते, हेही विसरता येत नाही.

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोन्ही बोटी मांडव्याहून बाहेर काढल्या. दिवस मुद्दाम तसा निवडला होता. कोकणच्या किनाऱ्यावर भरतीचा जुना हिशेब आहे की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. प्रतिपदेला ती दुपारी पाऊण वाजता येते आणि मग पाणी सहा तास बाहेर धावते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाणाची भरती असल्यामुळे मुंबईच्या बंदरात पाण्याची पातळी साडेतीन ते चार मीटरने खालीवर होते आणि ओढही तितकीच जोराची असते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत दुपारी वायव्येकडून खारे वारे सुटतात. म्हणजे दुपारी अडीचच्या सुमारास ओहोटीचे पाणी बाहेर जात असते आणि वारा त्याच्या अंगावर येत असतो. अशा वेळी लाट जितकी उंच होत नाही तितकी आखूड आणि उभी होते. विक्रेते चाचणीसाठी नेहमी सकाळी नऊची वेळ देतात, तेव्हा समुद्र तेलासारखा शांत असतो आणि कोणतीही बोट चांगलीच वाटते.

सकाळी आम्ही १९ फुटी बोटीतून मांडव्याहून गेटवेला गेलो. सरळ रेषेत हे अंतर साडेसात सागरी मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे १४ किलोमीटर आहे. ताशी २२ सागरी मैलांच्या वेगाने वीस-बावीस मिनिटे लागली. डॉक्टरांनी जाताना अर्धा वेळ सुकाणू हातात घेतले आणि त्यांचा चेहराच बदलला. बोट हाताच्या इशाऱ्यासरशी वळत होती, मालवाहू जहाजाच्या मागून येणारी लांब लाट ते आधी ओळखून तिला तिरके घेत होते. गेटवेसमोर पोहोचल्यावर ते पत्नीला म्हणाले, “अगं, हीच पुरे. एवढे मोठे धूड कशाला?” माझाही अंदाज तोपर्यंत तोच होता. चार माणसांचे कुटुंब, सुरक्षित वेळ निवडली तर या बोटीने ये-जा करील, असे मी मनात धरून चाललो होतो.

परतीला पावणेतीन वाजले. बंदराच्या तोंडाशी येताच लाटा अडीच-तीन फुटांच्या झाल्या आणि दोन माथ्यांतले अंतर चाळीस-पंचेचाळीस फुटांवर आले. १९ फुटी बोट अशा पाण्यात प्रत्येक लाटेवर चढते आणि प्रत्येक खळग्यात आपटते. तिला दोन लाटांवर टेकायला लांबीच नसते. वेग कमी करत ताशी नऊ-दहा सागरी मैलांवर आणावा लागला. हा वेग अशा बोटीला सगळ्यात वाईट: ती पाण्यावर तरंगत धावतही नाही आणि पाण्यात स्थिर बसतही नाही, पुढचे टोक वर उचलले जाते, मागची बाजू रुतते, समोरचे दिसत नाही आणि पेट्रोल मात्र दर मैलाला धावतानापेक्षा अधिक जळते. पुढच्या बाकावर बसलेल्या डॉक्टरांच्या पत्नीला मी मागे बोलावले, तेव्हा त्या उजव्या हाताने कठडा आणि डाव्या हाताने माझ्या हत्यारांची पेटी धरून आल्या. त्यांच्या साडीच्या पदरातून खारे पाणी निथळत होते आणि चष्म्याच्या काचा मिठाने पांढऱ्या झाल्या होत्या. मांडव्याला यायला पाऊण तास लागला. धक्क्यावर उतरताना त्या एवढेच बोलल्या: “अहो, आईंना या बोटीतून मी आणणार नाही.”

लगेच आम्ही २९ फुटी बोटीत बसलो आणि त्याच पाण्यात अर्धा तास फिरलो. फरक स्पष्ट होता आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. तिचा तळ खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, मागच्या बाजूलाही वीस अंशांहून जास्त उताराचा होता; वजन आणि हा उतार मिळून ती लाट कापत होती आणि ताशी १८ सागरी मैलांवर आतली माणसे बोलू शकत होती. तिघे जण एका बाजूला उभे राहिले तरी ती झुकली नाही. केबिन आणि शौचालय ही चैन आहे असे पुरुष मंडळी सहज म्हणून जातात. परंतु ७६ वर्षांच्या बाईला किंवा वयात आलेल्या मुलीला चार तास समुद्रावर न्यायचे असेल तर शौचालय ही साधी गरज आहे, आणि ते नसल्यामुळे घरातल्या बायका हळूहळू बोटीवर येणेच सोडतात, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. संध्याकाळपर्यंत नवरा-बायकोची मते पूर्ण उलटली होती. डॉक्टरांना आता लहान हवी होती आणि त्यांच्या पत्नीला मोठी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला वेगवान बोट धडकून झालेल्या अपघाताची आठवणही त्या संध्याकाळी निघाली आणि पत्नीचा आग्रह अधिक पक्का झाला.

या टप्प्यावर बहुतेक खरेद्या होतात. समुद्राने ज्याला घाबरवले तो मोठी बोट घेतो. मी त्यांना आणखी एक दिवस मागितला, आणि तो पाण्यावर नव्हे, त्यांच्याच गावच्या धक्क्यावर घालवायचा असे सांगितले.

बोट उभी कुठे राहणार?

आपल्याकडे बोट घेणाऱ्याला ती ठेवण्याची जागा शोधावी लागते, ही खरी अडचण आहे. कोचीला बोलगट्टीला मरीना आहे, जिथे तरंगत्या धक्क्याला बोट बांधून घरी जाता येते. मुंबईत अपोलो बंदरासमोर खाजगी बोटी मुरिंगवर, म्हणजे तळाशी टाकलेल्या वजनाला साखळीने बांधून, उघड्या पाण्यावर डुलत असतात आणि मालकाला दुसऱ्या होडीने तिथवर जावे लागते. मोठी बोट घेतली तर या कुटुंबाला दोनच वाटा होत्या. एक तर ती मुंबईला किंवा मांडव्याला ठेवायची, म्हणजे गावाच्या घरापासून दूर. नाहीतर गावासमोर खाडीच्या मध्यात मुरिंग टाकून.

गावातला एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीवरचा जाणता चालक, आमच्याबरोबर आला. ओहोटी पूर्ण लागल्यावर त्याने आपल्या होडीतून बांबू घेऊन धक्क्यापासून मध्यापर्यंत ठिकठिकाणी पाणी मोजले. बांबूला त्याने दर फुटावर सुतळी बांधली होती. धक्क्याच्या पायथ्याशी पाणी नव्हतेच, नुसता काळा गाळ. त्याच्या पुढे तीस-चाळीस पावलांवर दोन सुतळ्या. आणि मध्यात, जिथून धरमतरकडे जाणाऱ्या मालवाहू बार्जांची ये-जा असते त्याच्या अलीकडे, जेमतेम चार. मोठ्या बोटीला इंजिने खाली सोडल्यावर तीन फूट पाणी लागते. म्हणजे वर्षातल्या मोठ्या उधाणांच्या ओहोटीला तिचे पंखे गाळाला लागणार आणि बार्जची लाट आली की आपटणार. तांडेलाने बांबू धुतला, आडवा ठेवला आणि विचारले की रात्री हिच्यावर झोपणार कोण. त्या एका प्रश्नात खलाशाचा पगार, राखण, दोर कुरतडला जाणे, बॅटरी उतरणे, पावसाचे पाणी आत साठणे, सगळे आले.

पेट्रोलचा प्रश्न त्याहून गंभीर होता. दोन इंजिने मध्यम वेगाला ताशी ७५ ते ८० लिटर पेट्रोल घेतात. जायला एक तृतीयांश, यायला एक तृतीयांश आणि एक तृतीयांश शिल्लक, हा समुद्रावरचा पक्का नियम धरला तर दोन तासांच्या सहलीसाठी टाकीत सव्वादोनशे लिटरच्या वर हवे. मुरिंगवरच्या बोटीत हे पेट्रोल डब्यांतून, होडीने नेऊन ओतावे लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. मी हे काम करणारी माणसे पाहिली आहेत आणि एकदा भाजलेले हातही पाहिले आहेत. एखाद्या कुटुंबाच्या सुट्टीचा कार्यक्रम दर वेळी या कामाने सुरू व्हावा, असे मला वाटत नाही. लहान बोट ट्रॉलीवर असते, ट्रॅक्टर तिला गावाच्या पंपावर नेतो, इंजिन बंद ठेवून टाकी भरली जाते आणि ती तशीच धक्क्यावर येते. तिला ताशी वीस-बावीस लिटर पुरतात. एका सागरी मैलाला एक लिटर, तर मोठीला तीनाहून जास्त.

पावसाळ्याचेही तेच. जून ते सप्टेंबर बोट पाण्याबाहेर असणे आवश्यक आहे. १९ फुटी बोट घराशेजारच्या गोठ्याच्या पडवीत मावत होती, मी टेपने मोजून पाहिले. २९ फुटीसाठी क्रेन, बोट टेकवायचा पाळणा आणि भाड्याची जागा लागणार होती. बोटीच्या किमतीचा दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला लागतो, असा एक ढोबळ हिशेब जगभर सांगितला जातो. आपल्या खाऱ्या, उष्ण आणि गाळाच्या पाण्यात मुरिंगवरच्या बोटीला तो कमीच पडतो. पाण्यात उभी राहणाऱ्या बोटीच्या तळाला सहा आठवड्यांत शिंपल्यांचा थर बसतो, गंज रोखण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे झिजतात आणि तळाला दरवर्षी रंग द्यावा लागतो. ट्रॉलीवरची बोट मात्र परत आल्याबरोबर गोड्या पाण्याने धुता येते आणि नळी लावून इंजिनातही दहा-पंधरा मिनिटे गोडे पाणी फिरवता येते. इंजिनाचे आयुष्य या दहा मिनिटांवर जितके अवलंबून असते तितके दुसऱ्या कशावरही नसते.

नोंदणी, पाहणी, विमा ही कागदपत्रे दोन्ही बोटींना सारखीच करावी लागतात. २००८ च्या नोव्हेंबरनंतर सागरी पोलिसांची तपासणी किनाऱ्यावर कायमची झाली आहे, त्यामुळे कागद बोटीवर असणे गरजेचे. याबाबतीत आकाराने काही बिघडत नाही.

पलीकडे जाण्याचा प्रश्न वेगळा काढला

धक्क्यावरून परत येताना एक गोष्ट मला नीट दिसली. मोठ्या बोटीच्या बाजूने जे जे सांगितले जात होते, त्यातले बहुतेक मुंबई ते मांडवा या एका प्रवासासाठी होते. आणि तो प्रवास करायला या कुटुंबाला स्वतःच्या बोटीची गरजच उरलेली नव्हती. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवा सुरू झाली. मोटारीसह तासाभरात पलीकडे जाता येते, आई मोटारीतून उतरून वातानुकूलित कक्षात बसू शकतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून मुंबईहून रस्त्यानेही येणे सुकर झाले आहे. स्वतःच्या बोटीने गेटवेहून निघायचे म्हटले तरी ठाण्याहून आधी गेटवेपर्यंत जावे लागणार, मोटार तिथे ठेवावी लागणार आणि मांडव्याला उतरून पुन्हा रिक्षा शोधावी लागणार. हे सगळे डॉक्टरांना कागदावर मांडून दाखवले तेव्हा ते म्हणाले की लहानपणापासून मनात बोटीने घरी येण्याचे चित्र होते, त्याचा हिशेब कधी केलाच नव्हता. मला त्या चित्राबद्दल आदर आहे. पण त्यासाठी चौपट किमतीची बोट घेणे योग्य नव्हते.

प्रवास बाजूला काढल्यावर उरले ते खाडीतले फिरणे, रेवस-करंजाच्या तोंडापर्यंत जाणे, शांत सकाळी मांडव्याकडे वळणे, मुलांचे मासे पकडणे आणि आईंची खांदेरी. यांतली खांदेरी सोडली तर बाकी सारे १९ फुटीच्या आवाक्यात होते, आणि उथळ, गाळाच्या, तिवरांच्या पाण्यात लहान बोटच अधिक सुरक्षित होती. इंजिन वर उचलले की ती सव्वा फूट पाण्यातून बाहेर निघते. खांदेरी थळच्या समोर सुमारे पाच किलोमीटर आत, उघड्या समुद्रात आहे. तिच्यासाठी थळच्या कोळ्यांची बोट भाड्याने घ्यावी, असे मी सुचवले. ती माणसे त्या खडकांमध्ये रोज वावरतात. वर्षातल्या तीन गर्दीच्या दिवसांसाठीही हाच मार्ग.

धक्क्याचा वापर किती तास करता येईल, हा हिशेब मी तिथींवरून करून दिला. उधाणाच्या दिवसांत भरतीच्या तीन तास आधीपासून तीन तास नंतरपर्यंत, म्हणजे सहा तास; पौर्णिमेला सकाळी नऊ ते दुपारी तीन. अष्टमीच्या आसपास भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येते, दुपारी ओहोटी असते, तरी भांगाची, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांतली, ओहोटी फार खाली जात नाही, त्यामुळे मधले तीनेक तास सोडले तर बोट उतरवता येते. दुपारी वारा सुटण्याआधी परतायचे हे बंधन या वेळांशी बरेचसे जुळते. डॉक्टरांच्या पत्नीने हा तक्ता दोनदा तपासला आणि मग एक अट घातली: नियम लेखी असावेत आणि ते मुलालाही लागू असावेत. फेब्रुवारी ते मे दुपारी एकच्या आत परत. बोटीवर सहापेक्षा जास्त माणसे नाहीत, पाटीवर सात असले तरी. सुटण्यापासून बांधेपर्यंत सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट. चालकाच्या पायाला इंजिन बंद करणारी दोरी. आणि लहान बोट बंदराचे तोंड ओलांडणार नाही. या अटींवर १९ फुटी बोट घेतली गेली. मुलगा आणि आई-वडील, तिघांनीही पहिला महिनाभर त्याच तांडेलाला बरोबर घेऊन खाडी शिकली.

एका मोसमानंतर

नारळी पौर्णिमेनंतर पाणी निवळल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिली फेरी झाली आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत वहीत ३१ फेऱ्या लिहिल्या गेल्या. त्यांतल्या अकरा मुलाने आईबरोबर केलेल्या होत्या, ज्यांचा पहिल्या अंदाजात विचारही नव्हता. बोट धक्क्यावरून पाण्यात सोडायला ट्रॅक्टर धरून २५ मिनिटे आणि परत आणून धुवायला पाऊण तास, एवढेच काम असल्यामुळे दोन तासांच्या सुट्टीतही ती काढली गेली.

एक प्रसंग मात्र गंभीर झाला. जानेवारीत करंजाच्या बाजूला डोल जाळ्यांच्या खुंटांजवळून जाताना पाण्याखाली तरंगणारा एक दोर पंख्यात गुंडाळला गेला आणि इंजिन बंद पडले. ओहोटी चालू होती, बोट हळूहळू बाहेर ओढली जात होती. डॉक्टरांनी नांगर टाकला, तो गाळात धरला, आणि चाळीस मिनिटांनी एका मासेमारी बोटीने त्यांना ओढून रेवसला आणले. नांगराला पुरेसा लांब दोर होता म्हणून तो धरला. विक्रेत्याने दिलेला दोर आम्ही आधीच बदलून पाण्याच्या खोलीच्या सातपट केला होता. पण एकच इंजिन असण्याचा धोका मी निवडीच्या वेळी जितका ठळकपणे मांडायला हवा होता तितका मांडला नव्हता, हे इथे नोंदवणे भाग आहे. दोन इंजिनांच्या बोटीत एक पंखा अडकला तरी दुसऱ्यावर घरी येता येते, आणि मोठ्या बोटीच्या बाजूचा हा सर्वांत भक्कम मुद्दा होता. दुरुस्ती करताना मी मागच्या बाजूला घोडी (इंजिन टांगण्याची चौकट) बसवून ९.९ अश्वशक्तीचे, वेगळ्या टाकीवर चालणारे लहान इंजिन लावले. त्याने ताशी पाच सागरी मैलांचा वेग मिळतो. उधाणाच्या भर ओढीविरुद्ध तो कमीच, पण खुंटांपासून दूर होऊन किनारा गाठायला पुरतो. पाणबुड्याचा एक धारदार सुराही चालकाच्या बाकाखाली ठेवला आहे.

डॉक्टरांच्या आई डिसेंबरातल्या एका सकाळी थळहून कोळ्यांच्या बोटीने खांदेरीला जाऊन आल्या. वेताळाला नारळ दिला, दीपगृहापर्यंत मात्र चढल्या नाहीत. खाडीतल्या बोटीत त्या या मोसमात चार वेळा बसल्या, दर वेळी मागच्या बाकावर, इंजिनाच्या पुढे मध्यभागी, जिथे आपट सर्वांत कमी लागते.

मुलाने मार्चमध्ये मोठ्या बोटीचा विषय पुन्हा काढला. त्याच्या मित्रांना खांदेरीपर्यंत न्यायचे आहे. डॉक्टरांनी त्याच्यापुढे वही ठेवली आणि खांदेरीला जाण्यासारख्या सकाळी मोसमात किती मिळाल्या, त्या मोजायला सांगितले. वहीतली शेवटची नोंद त्याच्याच हातची आहे: वैशाख शुद्ध त्रयोदशी, भरती सकाळी पावणेदहा, निघालो साडेनऊ, वारा साडेबारानंतर वायव्येकडून, माणसे चार, परत सव्वाबारा, पेट्रोल २६ लिटर, लहान इंजिन पाच मिनिटे चालवून पाहिले.